फुटबॉलचा हंगाम पुन्हा पावसात न्या

डिसेंबरातली सकाळ, साडेसहाचा सुमार. गोवंडी स्थानकाच्या पूर्वेला शिवाजीनगर, बैंगनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अजून दिवे जळत आहेत आणि दिव्यांभोवती पिवळट धुरके साचले आहे. खांद्यावर बुटांची पिशवी टाकून तीन-चार मुले मैदानाकडे निघतात. कुणी चेंबूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, कुणी कुर्ल्याच्या, कुणी घाटकोपरच्या. आठला लेक्चर आहे, त्याआधी दीड तास सराव. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या जातात. तिसऱ्या फेरीला एक जण थांबतो, गुडघ्यांवर हात टेकतो आणि खोकत राहतो. प्रशिक्षक लांबून ओरडतात, ‘दम नाही रे तुझ्यात!’

मुंबईतल्या कॉलेजांच्या मैदानांवर हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते, की त्याचा अर्थ कुणी तपासत नाही. दम नसणे म्हणजे मेहनत कमी पडणे, रात्रीचे जागरण, वडापाव, सिगारेट असा अर्थ धरला जातो. पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण गोवंडीसारख्या भागातून येणाऱ्या मुलाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तो कुठल्या महिन्यात आणि दिवसाच्या कुठल्या वेळी धावतो आहे? मुंबईचा फुटबॉल हंगाम आज जिथे येऊन बसला आहे तो वर्षातला सर्वात वाईट हवेचा काळ आहे, आणि ही जागा निसर्गाने नव्हे, वेळापत्रक आखणाऱ्यांनी निवडली आहे.

जुन्या मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. या शहरात फुटबॉल हा पावसाळी खेळ होता. क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकल्या जायच्या आणि मैदाने फुटबॉलवाल्यांच्या ताब्यात यायची. (पावसातही क्रिकेट सोडवत नसे त्यांच्यासाठी १९४८ पासून कांगा लीग होती, ती गोष्ट निराळी.) हारवूड लीगचे सामने चिखलात व्हायचे. कूपरेजवर छत्र्या घेऊन माणसे रोव्हर्स चषकाची वाट पाहायची. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईचा. पावसात मैदान मऊ असते, पडले तरी कमी लागते, ऊन नसते, एवढाच विचार तेव्हा असावा. हवेचा विचार कुणी केला नव्हता. पण नकळत तो सर्वात चांगला निर्णय ठरला होता, कारण मुंबईची हवा वर्षातून ज्या चार महिन्यांत खरोखर धुतली जाते ते हेच महिने.

पुढे कृत्रिम हिरवळ आली, प्रकाशझोत आले, देशपातळीवरच्या लीग थंडीत खेळल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्यामागे सगळेच सरकले. आज कॉलेजच्या खेळाडूचे वर्ष साधारण असे असते: जून-जुलैत प्रवेश, ऑगस्टच्या आसपास निवड चाचण्या, मग परीक्षा आणि दिवाळी. खरी धावपळ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. आंतरविद्यापीठ स्पर्धा, कॉलेजांचे महोत्सव, टर्फवरच्या पाच-पाच आणि सात-सात जणांच्या रात्रीच्या स्पर्धा या सगळ्यांची गर्दी याच महिन्यांत.

या महिन्यांत हवेचे काय होते? पावसाळ्यात अरबी समुद्रावरून जोरदार वारे येतात, धूलिकण पावसाबरोबर खाली बसतात. मान्सून परतला की वाऱ्याची दिशा बदलते आणि जोर ओसरतो. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते. तिला लागून असलेली हवा गार होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. दिवसभरात शहराने जे काही हवेत सोडले ते या झाकणाखाली कोंडते. सूर्य चढून जमीन तापली की झाकण विरते, दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो आणि हवा थोडी मोकळी होते. म्हणजे थंडीत हवा सर्वात कोंदट असते ती रात्री उशिरा आणि सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत. नेमका सरावाचा वेळ. पहाटेची हवा शुद्ध असते ही समजूत आजोबांच्या गावात खरी असेल. डिसेंबरच्या मुंबईत ती उलटी आहे.

गोवंडीत यावर आणखी एक थर चढतो. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. वस्तीच्या उत्तर-ईशान्येला, ठाणे खाडीच्या कडेला, कचऱ्याचे हे डोंगर उभे आहेत. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे डोंगरांवरून वस्तीवर. जानेवारी २०१६ मध्ये इथे आग लागली तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि सारी मुंबई हळहळली. आग विझली, हळहळही विझली. पण कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेनमुळे लहान-सहान धुमसणे तिथे अधूनमधून चालूच असते. त्यात रुग्णालयांचा कचरा जाळणारी भट्टी. ती वस्तीतून रायगड जिल्ह्यात हलवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोन वर्षांची मुदत दिली. शिवाय काँक्रीट मिसळणारे प्रकल्प, पूर्व मुक्त मार्ग आणि घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरची अवजड वाहने, दक्षिणेला माहुल-तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने. एवढ्या सगळ्याच्या मधोमध दीड तास पळायचे.

आता थोडे साधे गणित. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावणारा तरुण ऐंशी-शंभर लिटरपर्यंत जातो. फुटबॉलमध्ये चालणे, धावणे, थांबणे असे मिश्रण असते म्हणून सरासरी साठ लिटर धरू. नव्वद मिनिटांत ५४०० लिटर, म्हणजे ५.४ घनमीटर हवा. थंडीतल्या एखाद्या वाईट सकाळी पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूलिकण, घनमीटरला ९० मायक्रोग्रॅम असतील तर खेळाडूच्या छातीत जवळपास ४८५ मायक्रोग्रॅम जातात. कडेला बसून सामना पाहणाऱ्या मित्राच्या छातीत त्याच वेळात साधारण ६५. आणि हाच खेळाडू ऑगस्टमध्ये २० मायक्रोग्रॅमच्या हवेत खेळला असता तर? सुमारे ११०. मुलगा तोच, सामना तोच. फक्त महिना बदलला आणि मात्रा साडेचार पटींनी कमी झाली.

शिवाय धावताना माणूस तोंडाने श्वास घेतो. नाक हे गाळणे आहे, हवा गरम आणि दमट करणारे यंत्रही आहे. ते टाळून कोरडी, धूळभरली हवा थेट श्वासनलिकेत खोलवर जाते. श्वास जितका खोल, तितके कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक.

याचा खेळावर परिणाम होतो का? जर्मनीत अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी बुंडेसलिगाच्या १९९९ ते २०११ या काळातल्या सामन्यांचे आकडे त्या-त्या मैदानाजवळच्या हवेच्या नोंदींशी ताडून पाहिले. हवेत धूलिकण वाढले की खेळाडूंनी दिलेल्या पासची संख्या घटते असे त्यांना आढळले, तेही युरोपच्या मर्यादेत बसणाऱ्या प्रदूषणावर. ते तर व्यावसायिक खेळाडू. आहारतज्ज्ञ, डॉक्टर, मालीशवाले दिमतीला असलेले. त्यांचे पास कमी होतात, तर चहा-पाव खाऊन मैदानावर आलेल्या गोवंडीच्या मुलाची सत्तराव्या मिनिटाला काय गत होत असेल याचा अंदाज करता येतो. निवड चाचणीत मात्र हा मुलगा आणि समुद्राकाठच्या वस्तीतून आलेला मुलगा एकाच शिट्टीवर धावतात.

पण पास कमी होणे ही किरकोळ बाब आहे. मोठा प्रश्न वयाचा आहे. मुलग्यांची फुप्फुसे विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढत असतात. कॉलेजची तीन-चार वर्षे हा त्या वाढीचा शेवटचा टप्पा. या वयात जी क्षमता कमावली जाते तिच्यावर पुढचे आयुष्य काढायचे असते. तिशीनंतर ती फक्त उतरत जाते. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा गावांमधल्या मुलांवर दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत नजर ठेवणारा एक प्रसिद्ध अभ्यास २००४ मध्ये छापून आला. अठराव्या वर्षी ज्यांची फुंकर लक्षणीयरीत्या कमकुवत होती, अशा मुलांचे प्रमाण सर्वाधिक धूलिकणांच्या गावात ७.९ टक्के होते आणि सर्वात स्वच्छ गावात १.६ टक्के. त्याच प्रकल्पाने २००२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. ओझोनचे प्रमाण जास्त असलेल्या गावांत तीन किंवा अधिक मैदानी खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा जडण्याची जोखीम न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होती. स्वच्छ गावांत खेळाचा असा काहीच तोटा दिसला नाही. ओझोन आणि धूलिकण एकच नव्हेत, कॅलिफोर्निया म्हणजे गोवंडी नव्हे. तरीही दिशा स्पष्ट आहे: खेळ वाईट नाही, वाईट हवेतला खेळ वाईट आहे. आणि दिलासाही तिथलाच. हवा सुधारली तशी पुढच्या पिढीतल्या मुलांची फुप्फुसे अधिक चांगली वाढली, असे त्याच संशोधकांनी २०१५ मध्ये नोंदवले.

यावर ‘मग खेळूच नका’ असा सल्ला देणारे निघतात. तो सल्ला अज्ञानाचा आहे, आणि थोडा क्रूरही. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे बाहेरची हवा तशीच आत येते आणि वर चुलीचा, उदबत्तीचा धूर मिसळतो, तिथे मुलाला बसवून त्याचे फुप्फुस वाचत नाही. फक्त हृदय, स्नायू आणि मन बिघडते. व्यायामाचा फायदा आणि प्रदूषणाचा तोटा यांची तुलना करणाऱ्या २०१६ च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला होता. पीएम २.५ घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम असेल तर कितीही सायकल चालवा, फायदाच जास्त. १०० असेल तर मात्र रोज दीड तासाच्या सायकलीनंतर तोट्याचे पारडे जड होऊ लागते. तो हिशेब प्रौढांचा आणि वर्षानुवर्षांच्या सरासरीचा आहे, एका सामन्याचा नव्हे. पण दीड तास हा आकडा फुटबॉलवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

इथे एक मेख आहे. हवा चांगली की वाईट हे मुलांना आणि प्रशिक्षकांना कळणार कसे? मोबाइलवर निर्देशांक दिसतो, रंग दिसतो, शब्द दिसतो. पण भारतीय निर्देशांकात पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी ६० पर्यंत असली तरी शब्द येतो ‘समाधानकारक’ आणि रंग हिरव्यातलाच. तेवढ्याच कणांना अमेरिकेच्या मोजपट्टीवर दीडशेच्या वरचा निर्देशांक मिळतो आणि तिथला शब्द आहे ‘अनारोग्यकारक’. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा तर दिवसाला १५ आहे. तेव्हा ‘समाधानकारक’ वाचून पोरांना दोन फेऱ्या जास्त मारायला लावणाऱ्या प्रशिक्षकाचा दोष नाही. त्याला दिलेला शब्दच फसवा आहे. निर्देशांकापेक्षा पीएम २.५ चा सरळ आकडा पाहावा, आणि तोही कालच्या सरासरीचा नव्हे, त्या तासाचा. शिवाजीनगरमध्ये पालिकेचे हवा मोजणारे केंद्र आहे. त्याचा आकडा मैदानाच्या फाटकावर खडूने लिहायला एक फळा पुरेल.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची मार्गदर्शक सूत्रे आहेत: त्यांच्या मोजपट्टीवर निर्देशांक १५० पार गेला की सर्व खेळाडूंवर बारीक लक्ष ठेवायचे, २०० ला सामना पुढे ढकलण्याचा गांभीर्याने विचार करायचा, ३०० ला मैदान सोडायचे. दिल्लीत नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या मैदानी स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरऐवजी सुरक्षित महिन्यांत घेण्याचा विचार करा, असे हवा गुणवत्ता आयोगाला सांगितले. मुंबईत काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने बांधकामांसाठी भरभक्कम नियमावली काढली. सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती पस्तीस फुटी पत्रे लावा, पाणी फवारा, डबर झाकून न्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व इथे निर्देशांक दोनशेपार गेल्यावर बांधकामे थांबवलीही. चांगलेच केले. मात्र त्याच दिवशी तिथल्या मैदानावर कॉलेजचा सामना असता तर तो थांबवावा असे सांगणारा एकही कागद कुठल्या कार्यालयात नाही. क्रेन थांबते, सेंटर फॉरवर्ड धावत राहतो.

म्हणून मागणी साधी आहे. मुंबई परिसरातल्या कॉलेजांचे साखळी सामने जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत उरकावेत, बाद फेरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपावी. यावरचे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला मैदानांचा. मातीची मैदाने पावसात तळी होतात, हे गोवंडीत तरी खरेच आहे. पण कृत्रिम हिरवळीची, पाण्याचा निचरा होणारी मैदाने आता शहरात आहेत, आणि ती पावसाळ्यात वापरता यावीत हाच तर त्यांच्यावरच्या खर्चाचा एक युक्तिवाद होता. दुसरा आक्षेप लेप्टोस्पायरोसिसचा, आणि तो गंभीर आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित पाणी जखमेतून शरीरात गेले तर जीव जाऊ शकतो. त्यावर उत्तर म्हणजे तुंबलेल्या मैदानावर सामना नाही, खरचटले की स्वच्छ पाण्याने धुऊन जखम झाकूनच पुन्हा आत, आणि पुराच्या पाण्यात वावर झालाच तर डॉक्टरांना विचारून बहात्तर तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन. जो धोका दिसतो, ज्याची गोळी आहे आणि जो टाळता येतो, तो न दिसणाऱ्या धोक्यापेक्षा बरा. तिसरा आक्षेप परीक्षांचा. परीक्षा आजही हंगामाच्या मध्ये येतातच.

देशपातळीवरच्या स्पर्धा थंडीत आहेत तोवर थंडीतला सराव पूर्ण टळणार नाही. तो निदान सकाळी साडेसहाऐवजी दुपारी साडेतीन-चारला व्हावा. त्यासाठी कॉलेजने खेळाडूंना शेवटच्या तासाची हजेरी द्यायला हवी. प्राचार्यांच्या एका सहीचे काम आहे, पण ती सही मिळवताना क्रीडाशिक्षकांची कशी दमछाक होते ते त्यांनाच विचारावे. फाटकावरचा आकडा ६० च्या वर असेल तर धावण्याऐवजी पासिंग, डावपेच, ताणाचे व्यायाम; ९० च्या वर असेल तर सुट्टी. हे दोन आकडे कुठल्या नियमात नाहीत, पण देशाच्या स्वतःच्या मोजपट्टीवर ‘समाधानकारक’ ६० ला संपते आणि ९० नंतर ‘वाईट’ सुरू होते, म्हणून ते सोयीचे आहेत.

राहता राहिला तो खोकणारा मुलगा. गोवंडीत खोकल्याला अनेक कारणे असू शकतात आणि ती ओळखायला अंदाज चालत नाही. धावणे थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला वाढतो, छातीत शीळ वाजते आणि अर्ध्या-एक तासात आपोआप बरे वाटते, तर व्यायामाने श्वासनलिका आवळण्याचा प्रकार असू शकतो. धावण्याआधी आणि नंतर नळीत फुंकर मारून पाहण्याच्या चाचणीत तो बहुधा सापडतो. पीक फ्लो मीटर नावाचे साधे प्लास्टिकचे यंत्र संघाच्या पेटीत ठेवता येते. किंमत एका बऱ्या चेंडूपेक्षा फारशी जास्त नसते. उपचार म्हणजे बहुतेकदा पंप. पंपाची मुलांना लाज वाटते आणि आयांना भीती, ‘सवय लागेल’ म्हणून. मँचेस्टर युनायटेडचा पॉल स्कोल्स दमा घेऊन मधल्या फळीत वर्षानुवर्षे खेळला, डेव्हिड बेकहॅमही दम्याचा रुग्ण. श्वासातून घ्यायचे साल्ब्युटामॉल ठरावीक मात्रेपर्यंत उत्तेजकविरोधी नियमांतही चालते.

आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, वजन घटू लागले, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, तर तो दम्याचा म्हणून किंवा हवेचा म्हणून सोडून द्यायचा नाही. दाट वस्तीच्या एम-पूर्व विभागात क्षयरोग घराघरात परिचित आहे. थुंकीची तपासणी गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात आणि पालिकेच्या दवाखान्यांत मोफत होते, औषधेही मोफत मिळतात. संघनिवडीच्या वेळी खेळाडूंकडून वयाचा दाखला आणि कॉलेजचे ओळखपत्र मागितले जाते. त्याच फॉर्मवर ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? धावल्यावर छाती वाजते का?’ असे दोन प्रश्न छापायला एक ओळ लागते. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला संघातून काढायचे नाही, एवढे मात्र प्रशिक्षकांनी आधीच सांगितलेले असावे. नाहीतर सगळेच ‘नाही’ लिहितील.